अठरावी पोळी

डबा अजून गरम होता. शिवलीलानं तो फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला होता, आणि शेजारी तिच्या दंडाला टेकून दहा महिन्यांची लेक पुट्टी झोपली होती. चैत्रातलं चारच्या आधीचं ऊन. विजापूर रोडवर माणूस नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. गाडीत एसी घरघरत होता, तरी साडीतून मांडीला लागणारी ती ऊब काही कमी होईना. अकरा वर्षांपूर्वी डबा असाच गरम होता, हे तिच्या हातांना आठवत होतं. तिला आठवायचं नव्हतं.

"किती झाल्या?" पुढच्या सीटवरून सासूबाईंनी, पार्वतम्मांनी, मान न वळवता विचारलं. घरात सगळेच त्यांना अव्वा म्हणत.

"अठरा, अव्वा."

"मोजल्यास?"

"तीनदा."

"माझे हात थरथरतात म्हणून तुला लाटू दिल्या. न्हाईतर ह्या डब्याला मी कुणाचा हात लागू दिला नसता."

गाडी चालवणारे थोरले दीर, विरुपाक्ष, आरशातून डब्याकडं बघून म्हणाले, "अव्वा, अठरा माणसं कुटं हायत आता? मैदानावर आपण चौघं. पोळ्या खाणार कोण, चिमण्या?"

"तू गाडी चालव."

"चालवतोच हाय की. मैदान घेणार ती शाळेची माणसं उद्या सकाळी कागद न्यायला येणार. तुजी सही, माजी सही, प्रभुची सही. तू म्हणालीस डबा फिरवल्याशिवाय सही न्हाई, फिरवू. पण तुजा धाकटा लेक करणार हाय का सही? त्याचं काय ते आज मिटव."

शिवलीला खिडकीबाहेर बघत राहिली. धाकटा लेक म्हणजे प्रभु, तिचा नवरा. तो मैदानावरच असणार. रोज दुपारी चारला, जुन्या सरावाच्या वेळेला, तो मैदानाचं फाटक उघडतो आणि सहाला लोटून घेतो. कडी मात्र लावत नाही. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ताप असताना गेला, पुट्टी झाली त्या दिवशी दवाखान्यातून उठून गेला. दुधनीला तिच्या माहेरी पुट्टीचं बारसं झालं, तेव्हा पाळण्याच्या एका बाजूला मामा उभा राहिला. बाप फाटक उघडायला सोलापुरात थांबला होता.

कशासाठी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणामुळं, हे मात्र एकट्या तिला.

*

सासरे, शिवप्पा, यांनी आपल्या चादरीच्या कारखान्यातल्या पोरांची टीम काढली तेव्हा शिट्टीसुद्धा नव्हती. कारखान्याचा भोंगा वाजवून खेळ सुरू केला, आणि तेच नाव पडलं. भोंगा स्पोर्टिंग क्लब. मागावरची तेलुगू पोरं, बेगम पेठेतली दखनी बोलणारी, मंद्रूपकडची शेतातून आलेली. पुढं पगारी खेळाडू आले, लायसन आलं, देशाच्या दुसऱ्या फळीत पाच हंगाम काढले. सोलापुरात कसला फुटबॉल म्हणून हसणारी माणसं रविवारी तारेच्या कुंपणाला लटकून भोंग्याची वाट बघायची.

शिवप्पांचा एक हट्ट होता. माणसं मोजायची नाहीत. "मोजतात ती शेरडं. माणसाकडं बोट करून एक-दोन म्हणालं की त्यातलं एक कमी व्हायला लागतं," असं ते म्हणायचे, आणि त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. म्हणून बस बाहेरगावी निघायची तेव्हा हजेरी नसायची, डबा असायचा. जितके खेळाडू तितक्याच शेंगापोळ्या. अव्वा पहाटे लाटायच्या, तूप लावून डबा भरायच्या. बसच्या दारात डबा उघडा ठेवायचा. चढणाऱ्यानं एक पोळी उचलायची आणि चढायचं. पोळ्या संपल्या की सगळे आले. विरुपाक्ष मॅनेजर होते. ते दारातून ओरडायचे, "डबा रिकामा," आणि ड्रायव्हर गिअर टाकायचा. एकोणीस वर्षं हे असंच चाललं आणि कधी चूक झाली नाही.

मग एका मंगळवारी पहाटे झाली.

निंगप्पा हा दुसरा गोलकीपर. मंद्रूपचा, एकवीस वर्षांचा, लाजरा. हातमोजे ओले केल्याशिवाय तो बसमध्ये चढायचा नाही. ते त्याचं खूळ होतं, सगळे त्यावरून चिडवायचे. त्या पहाटे तो मोजे घेऊन मैदानामागच्या नळावर गेला, आणि इकडं डबा रिकामा झाला. बस गेली. सांगोल्याच्या पुढं कुणाचं तरी रिकाम्या सीटवरच्या बॅगेकडं लक्ष गेलं. त्याच्या फोनवर फोन लावला तर तो बॅगेतच वाजायला लागला.

मैदानावर माणूस पाठवला. फाटक उघडं होतं. नळ चालू होता. निंगप्पा नव्हता.

विहीर उपसली, स्टेशनं पालथी घातली, पोलिसांत दिलं. ना मोजे मिळाले, ना चपला, ना तो. तिकडं मॅचमध्ये दहाव्या मिनिटाला पहिल्या गोलकीपरचं मनगट मोडलं. बदली नव्हता, म्हणून कॅप्टन प्रभु गोलात उभा राहिला आणि सहा गोल खाल्ले. क्लब त्या हंगामाला खाली उतरला तो उठलाच नाही. सहा महिन्यांत शिवप्पा गेले.

अठरा पोळ्या होत्या आणि सतरा माणसं चढली होती. म्हणजे कुणीतरी दोन खाल्ल्या. सगळ्यांनी प्रभुकडं बघितलं, कारण त्याच्या खाण्यावरून क्लबात आधीपासून थट्टा चालायची. प्रभु बराच वेळ आठवत बसला. शेवटी म्हणाला, "खाल्ल्या असतील." त्यानंतर त्यानं शेंगापोळीला तोंड लावलं नाही.

शिवलीला तेव्हा दोन महिन्यांची नवी नवरी होती. आदल्या दिवशी तिचा सोमवारचा उपास होता. रात्री पाहुणे उठेपर्यंत तिच्या पानाची कुणाला आठवण राहिली नाही. पहाटे ओट्यावर डबा उघडा होता, घरभर गूळ-वेलचीचा वास सुटला होता. तिनं वरची एक पोळी घेतली आणि देवघराच्या दाराआड उभ्यानं खाल्ली. डबा म्हणजे हजेरी हे तिला ठाऊक नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ते इतकं माहीत होतं की नव्या सुनेला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी सासरे विरुपाक्षांवर ओरडत होते आणि ते हात जोडून म्हणत होते, "अप्पा, डबा रिकामा होता की," तेव्हा तिला कळलं. ती त्या वेळी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती आत आली, चहा दिला, कप उचलून परत गेली.

उद्या सांगू, असं तिनं किती रात्री ठरवलं असेल. निंगप्पाची आई मायाक्का दर गुरुवारी मैदानावर यायची आणि परतताना घरी टेकायची. "माज्या लेकाला त्याची पोळी मिळाली असंल का गं?" एवढंच विचारायची. शिवलीला तिच्या बशीत चहा ओतायची. दोन वर्षांपूर्वी मायाक्का यायची थांबली. ती गेल्याचं कळलं त्या दिवशी शिवलीलाला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं म्हणून ती न्हाणीघरात जाऊन रडली.

*

फाटक उघडंच होतं. प्रभु आतल्या बाजूला, बस उभी राहायची त्या जागी उभा होता. चाळिशीतच केस पांढरे झालेले. पुट्टीला बघून तो हसला, पण घ्यायला पुढं आला नाही. मैदानावर तो लेकीला कधीच घेत नसे.

"अव्वाला कशाला आणलंस उन्हात?" तो विरुपाक्षांना म्हणाला.

"मी आणलं? तिनंच मला आणलंय."

शिवलीला पुट्टीला घेऊन खेळाडूंच्या खोलीत गेली. लंगोट बदलायचा होता. डबा तिनं बाकावर ठेवला. भिंतीवर अठरा खुंट्या, त्यांतल्या सतरा मोकळ्या. शेवटच्या खुंटीवर निंगप्पाची निळी बॅग. अकरा वर्षांत बॅगेवर धूळ बसली नव्हती, कारण प्रभु ती रोज पुसायचा. खोलीत उकाडा असायला हवा होता. वर पत्रा तापून कटकट वाजत होता. पण शेवटच्या खुंटीखाली, बाकाच्या त्या टोकाला गारवा होता, रांजणाजवळ असतो तसा. पुट्टी झोपेत हसली. शिवलीलानं घाईघाईनं लंगोट बांधला, लेकीला उचललं आणि खोलीबाहेर आली. चार पावलं गेल्यावर डबा राहिल्याचं लक्षात आलं. परत वळली, डबा काखेत मारला, झाकण तपासलं. घट्ट होतं. फडक्याची गाठही तशीच होती.

बाहेर दोघा भावांचं सुरू झालं होतं.

"मैदान दे, नको देऊ, मला काय," प्रभु म्हणत होता. "फाटक उघडं ठेवतील का तेवढं विचार."

"शाळा हाय ती, प्रभु. बारकी पोरं. शाळेचं फाटक उघडं ठेवतात व्हय कुणी?"

"मग मी सही करत न्हाई."

"अकरा वर्षं झाली रे."

"त्याला म्हायती न्हाई किती झाली. तो नळावरून येणार आणि फाटक बंद असणार. एकदा बस गेली, आता फाटक बी लावू?"

विरुपाक्षांनी रुमालानं मान पुसली. "तू दोन खाल्ल्यास, ती चूक झाली. मी न बघता ओरडलो, ती माजी चूक. मी माजी घेऊन जगतोच हाय की. माजा धंदा चाललाय, पोरं शिकतायत. तू तुजी घेऊन हितं उभा राहिलायस, आणि ही पोरगी तिकडं एकटी संसार ओढतीय. तिच्याकडं बघ एकदा."

प्रभुनं शिवलीलाकडं बघितलं. ती डब्याच्या गाठीशी चाळा करत राहिली. आता सांग, असं तिच्या पोटातून कुणीतरी म्हणत होतं. पण सांगून काय होणार, हेही तिला दिसत होतं. ज्या माणसानं तिच्या एका पोळीपायी अकरा वर्षं उन्हात काढली, तो तिच्या हातचं पाणी तरी पिईल का पुन्हा?

"साकु," अव्वा म्हणाल्या. पुरे. "खुर्ची ठेव. डबा आण."

*

खुर्ची बसच्या जागी ठेवली. अव्वा बसल्या. समोर खेळाडूंचं जुनं बाक ओढून त्यावर वर्तमानपत्र पसरलं. शिवलीलानं गाठ सोडली, झाकण काढलं आणि गूळ-वेलचीचा वास त्या तापलेल्या मोकळ्या मैदानावर पसरला.

"तेव्हा नावं घेत नव्हतो," अव्वा म्हणाल्या. "आज ती माणसं न्हाईत, म्हणून नावं घेते. विरुपाक्ष, एक-एक काढ आणि बाकावर मांड. प्रभु."

विरुपाक्षांनी पहिली पोळी भावाच्या हातात दिली. प्रभुनं ती नुसती धरली.

"नरसय्या. मौलाली. चनमल्लप्पा."

अव्वांना सगळी नावं पाठ होती. कुणाला जास्त तूप लागायचं तेसुद्धा मध्येच सांगत होत्या. "रावजी. ह्याला कडक आवडायची. पृथ्वीराज. हा अर्धी खिशात ठेवायचा." विरुपाक्ष पोळी काढत होते, बाकावर ठेवत होते. वारा नव्हता, पण वर्तमानपत्राचं एक टोक सारखं उचलत होतं. शिवलीलाच्या कडेवर पुट्टी जागी झाली आणि काही न रडता फाटकाकडं बघत बसली.

"अजिंक्य," अव्वा म्हणाल्या. ते सतरावं नाव. पोळी बाकावर गेली.

अव्वांनी पदर सावरला. "निंगप्पा."

विरुपाक्षांचा हात डब्यात गेला आणि तिथंच राहिला. मग त्यांनी डबा तिरका केला. तळाशी तुपाचा गोल उमटला होता, बाकी काही नव्हतं.

"शिवलीला," ते हळू आवाजात म्हणाले, "सतराच केल्यास."

"अठरा, भावजी. शेवटची जरा करपली होती एका बाजूला. ती तळाशी ठेवली होती."

"मग कुटंय?"

विरुपाक्षांनी बाकाखाली वाकून बघितलं, फडकं झटकलं, गाडीत जाऊन आले. करपलेल्या बाजूची पोळी कुठंच नव्हती. बाकावर सोळा, प्रभुच्या हातात एक. अव्वा डब्याकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या जप करताहेत की मोजताहेत ते कळत नव्हतं.

"राहू दे अण्णा," प्रभु घाईनं म्हणाला. "चूक होते माणसाकडनं. तिला रात्रभर पुट्टी झोपू देत न्हाई. मोजताना झाली असंल चूक."

"तुजी झाली तशी?" विरुपाक्षांच्या तोंडून निघून गेलं.

"व्हय. माजी झाली तशी."

तो हे इतक्या सवयीनं म्हणाला की शिवलीलाला ते ऐकवलं नाही.

"त्यांची झाली नव्हती," ती म्हणाली.

तिघांनी तिच्याकडं बघितलं. पुट्टीला तिनं जरा वर घेतलं.

"त्या दिवशी मी खाल्ली होती. पहाटे. उपास होता, रात्री जेवणच झालं नव्हतं. डबा उघडा होता. मला म्हायती नव्हतं डबा कशाला असतो ते. दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा बोलले न्हाई, आणि मग बोलताच आलं न्हाई." तिनं रिकाम्या डब्याकडं बोट केलं. "पण आजची मी खाल्ली न्हाई. पुट्टीची शपथ घेऊन सांगते."

विरुपाक्षांनी तोंड उघडलं. अव्वांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना स्वतःलाही काही बोलायचं होतं असं दिसलं, पण त्या सुनेकडं नव्हे, डब्याकडंच बघत होत्या. "रात्री तुजं पान वाढलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई, अव्वा."

"मी घरात असून?"

अव्वांची मान खाली गेली.

प्रभु बाकाच्या टोकाशी बसला. पोळी अजून त्याच्या हातात होती.

"कुटं खाल्लीस?"

"देवघराच्या दाराआड. उभ्यानं."

"गरम होती?"

"व्हय."

तो मान हलवत राहिला. "अकरा वर्षं मी त्या दुसऱ्या पोळीची चव आठवायला बघतोय," तो म्हणाला. "पहिलीची आठवायची. दुसरीची कदी आठवायचीच न्हाई. मला वाटायचं, मी असला कसला माणूस, दुसऱ्याच्या वाट्याचं खाल्लं आणि चवसुद्धा ध्यानात न्हाई."

ती काही बोलणार तेवढ्यात तो उठला. तिच्याकडं न बघता खेळाडूंच्या खोलीच्या मागं गेला, नळाकडं. मग त्यानं हाक मारली. "अण्णा."

सगळेच गेले. अव्वासुद्धा, विरुपाक्षांचा हात धरून.

नळाचं कनेक्शन आठ वर्षांपूर्वी तोडलं होतं. तोटी गंजून तांबडी झाली होती. तिच्याखाली परातीएवढी जागा ओली होती. भोवती जमिनीला भेगा पडलेल्या, आणि मधोमध काळी, गार, ओली माती. नळाच्या चावीवर तुपाची बोटं उमटली होती. खाऊन झाल्यावर हात धुवायला आलेल्या माणसाची असावीत तशी. उन्हात तूप हळूहळू वितळून खाली ओघळत होतं.

प्रभुनं चावीला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. मग ते बोट त्यानं शिवलीलापुढं धरलं. तिनं वास घेतला. वेलची. आणि जरासा करपलेला.

विरुपाक्ष तोटीकडं बघत मागं-मागं सरकले आणि भिंतीला टेकले. अव्वांनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. पुट्टी ओल्या मातीकडं वाकून बघत होती, तिला तिथं उतरायचं होतं.

"दे तिला," प्रभु म्हणाला, आणि मैदानावर पहिल्यांदा त्यानं लेकीला कडेवर घेतलं.

*

सगळी परत बाकाशी आली. प्रभुनं डबा उचलला, पालथा घातला, आणि विरुपाक्षांपुढं हात केला. "कागद."

पालथ्या डब्यावर कागद ठेवून त्यानं सही केली. अव्वांनी आपलं नाव कानडीत लिहिलं, अक्षरं थरथरली तरी पूर्ण लिहिलं. बाकावरच्या सोळा पोळ्या तशाच राहू दिल्या. प्रभुनं आपली मात्र मोडून एक घास खाल्ला, डोळे मिटून, आणि उरलेली रुमालात बांधली.

सगळे फाटकाबाहेर आल्यावर तो थांबला.

"अण्णा, म्हण की."

"काय म्हणू?"

"म्हणायचं असतंय ते."

विरुपाक्षांचा चेहरा उन्हात ओढल्यासारखा झाला. अकरा वर्षांत ते शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. त्यांनी घसा साफ केला. मोकळ्या मैदानाकडं तोंड करून, अगदी पूर्वीसारखं नाही, पण ऐकू जाईल इतपत मोठ्यानं ते म्हणाले, "डबा रिकामा."

प्रभुनं फाटक ओढलं आणि कडी लावली. कडी गंजली होती. तीनदा रेटल्यावर बसली.

गाडीत तो मागं बसला, पुट्टीला मांडीवर घेऊन. अव्वा पुढं. शिवलीलाच्या मांडीवर रिकामा डबा. जुना विजापूर नाका आला. तिनं डब्याचं झाकण घट्ट धरून ठेवलं होतं. काय येईल ते येऊ दे, असं ती स्वतःला सांगत होती. मग खिडकीबाहेर बघतच त्यानं विचारलं, "दुधनीची सकाळची गाडी किती वाजता असते गं?"

"सव्वासातला असायची," ती म्हणाली. "आता बघावं लागंल."

"बघ. पुट्टी चालायला लागायच्या आत तुज्या आईला भेटून येऊ. बारशाला राहिलंच माजं."

सिग्नलला गाडी थांबली. सगळी नीट बसली आहेत ना, म्हणून तिनं घरच्या बाईच्या सवयीनं गाडीत नजर फिरवली. भावजी. अव्वा. हे. पुट्टी. मागच्या सीटवर प्रभुच्या पलीकडं थोडी जागा होती, आणि पुट्टी त्या जागेकडं बघून, बोटं पसरून, खुदखुदत होती. तिच्या तळव्याला तूप लागलं होतं.

शिवलीलानं नजर काढून घेतली. पुढं मोजलं नाही.